सीएसआर लागू नाही, तरी तलावाचा गाळ काढायचाय: पैसे कुठल्या खात्यातून द्यावेत?

वाचकाचं पत्र

"आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग बनवते. उलाढाल २२ कोटी, करपूर्व नफा १ कोटी ६० लाखांच्या घरात. कर आम्ही २२ टक्क्यांच्या योजनेत भरतो. धाकटा भाऊ आणि मी मिळून एक भागीदारी फर्मही चालवतो, तिचं वर्षाचं उत्पन्न ४० लाख. कारखान्याला लागून असलेल्या गावातला पाझर तलाव गाळाने भरलाय. आमचे साठेक कामगार त्याच गावचे. मार्च सरला की कारखान्याची बोअर आटते आणि टँकर सुरू होतात. गावासाठी १२ लाख खर्चायचं ठरवलंय: ८ लाख गाळ काढायला, २ लाख जिल्हा परिषदेच्या शाळेच्या छतावरचं पाणी साठवायला आणि २ लाख झाडांना. एक सल्लागार म्हणतात, 'सीएसआरमध्ये दाखवा, सगळा कर वाचेल.' एका ट्रस्टने ८०जीची, म्हणजे देणगीवर करात वजावट देणारी, पावती देऊ केली आहे आणि वर 'बरेचसे पैसे परत फिरवून देऊ' असंही सुचवलंय. सरकारकडून खरोखर काय सवलत मिळते? आणि कामाच्या जागी आमच्या नावाची पाटी लावली तर चालेल का?"

उत्तर

सल्लागारांनी तुम्हाला नेमकं उलटं सांगितलंय. करसवलतीच्या हिशेबाने सीएसआर, म्हणजे मोठ्या कंपन्यांवर कायद्याने बांधलेला समाजकार्याचा खर्च, हे सगळ्यांत कोरडं खातं आहे, आणि ते तुम्हाला लागूही नाही.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने तीन उंबरठे ठेवले: नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी. मागच्या आर्थिक वर्षात यांतला एक जरी ओलांडला, तरी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्चावी लागते. तुम्ही तिन्हींच्या खूप खाली आहात. ज्यांना हे कलम लागू आहे, त्यांना हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येत नाही. आयकर कायद्याच्या कलम ३७(१) ला २०१४ साली जोडलेल्या दुसऱ्या स्पष्टीकरणात तसं स्वच्छ लिहिलंय. त्यातच कंपनी २२ टक्क्यांच्या योजनेत असेल तर ८०जीही मिळत नाही. म्हणजे कायद्याने खर्च करायचा आणि करात एक रुपयाही सुटायचा नाही. तेव्हा कंपनीच्या कुठल्याही कागदावर, ठरावात वा व्हाउचरवर 'सीएसआर खर्च' हे शब्द लिहू नका. जे बंधन तुमच्यावर नाही, ते कागदोपत्री ओढवून घेतलं की करनिर्धारण अधिकारी तोच शब्द पकडून खर्च नामंजूर करू पाहतो, आणि मग कलम १३५ आपल्याला लागू नाही हे सिद्ध करत बसावं लागतं.

एक खुलासा आधीच करतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा २०२५ ने घेतली आहे. त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत. इथे जुने क्रमांक दिलेत, कारण ऑडिटरपासून अकाउंटंटपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत.

आता सवलत कुठे आहे ते पाहू. तुमच्यासमोर दोन वाटा आहेत: देणगी, म्हणजे ८०जी, आणि धंद्याचा खर्च, म्हणजे ३७(१). त्याच १२ लाखांचं पुढे काय होतं हे सर्वस्वी वाट कोणती आणि पैसे देणारं खातं कोणतं यावर ठरतं.

समजा कंपनीने १२ लाख ट्रस्टला देणगी म्हणून दिले. २२ टक्क्यांची योजना म्हणजे कलम ११५बीएए. ती घेतली की प्रकरण सहा-अ मधल्या वजावटींपैकी ८०जेजेएए आणि ८०एम एवढ्याच उरतात, ८०जी जाते. पावती कितीही खरी असली तरी करातली बचत शून्य. आणि एकदा स्वीकारलेली ही योजना सोडून मागे फिरता येत नाही, त्यामुळे 'यंदा जुन्या पद्धतीने भरू' हा पर्यायही नाही. जुन्या पद्धतीत असतात तर २५ टक्के कर, ७ टक्के अधिभार, ४ टक्के उपकर मिळून दर २७.८२ टक्के पडला असता, १२ लाखांच्या निम्म्यावर म्हणजे ६ लाखांवर वजावट मिळाली असती आणि १,६६,९२० रुपये वाचले असते. हा आकडा फक्त तुलनेसाठी.

हेच १२ लाख फर्मने दिले तर? फर्मला ८०जी मिळते, पण इथे भलेभले फसतात. संस्थेला दिलेल्या देणगीवर ५० टक्के वजावट हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधी बसणारी एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा मात्र लक्षात राहत नाही. फर्मचं उत्पन्न ४० लाख, म्हणून आधी देणगीतले ४ लाखच धरले जातील आणि त्याचे निम्मे, म्हणजे २ लाख, वजा होतील. ३१.२ टक्के दराने बचत ६२,४०० रुपये. उरलेल्या ८ लाखांचं काही होत नाही, ते पुढच्या वर्षी ओढताही येत नाहीत. हीच देणगी दरवर्षी ४ लाख अशी तीन वर्षांत दिली असती तर दरवर्षी ६२,४०० वाचले असते. देणगी मोठी आणि उत्पन्न बेताचं असेल तर हप्ते पाडणं हाच खरा उपाय.

तुम्ही किंवा भावाने वैयक्तिक खात्यातून द्यायचा विचार असेल, तर आपण कुठल्या करपद्धतीत आहोत ते आधी पाहा. व्यक्तींच्या नव्या पद्धतीतही ८०जी मिळत नाही.

आता दुसरी वाट. कंपनीने हा खर्च धंद्यासाठी केला असं दाखवता आलं, तर ३७(१) खाली तो पूर्ण वजा होतो, ११५बीएए असूनही. तुमचा प्रत्यक्ष दर २२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर मिळून २५.१६८ टक्के. १२ लाखांवर ३,०२,०१६ रुपये. ८०जीच्या कुठल्याही गणितापेक्षा हे जास्त आहे. बहुतेक लहान उद्योजकांना ही वाट माहीतच नसते, कारण समाजकार्य म्हटलं की पावती एवढंच डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

अट एकच, पण कडक: खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला असावा. कायद्याने बांधलेलं नसतानाही गावासाठी केलेला खर्च धंद्याचा ठरू शकतो का? ठरू शकतो. मद्रास रिफायनरीजने रिफायनरीच्या आसपासच्या वस्तीला पिण्याचं पाणी आणि तिथल्या शाळेला मदत दिली होती, तो खर्च मद्रास उच्च न्यायालयाने मान्य केला. बंगळुरूत इन्फोसिसने कर्मचारी वेळेवर पोचावेत म्हणून रस्त्यावर वाहतूक दिवे बसवले, तोही कर्नाटक उच्च न्यायालयाने मंजूर केला. सार्वजनिक कल्याणाच्या निधीला दिलेल्या पैशाचा धंद्याशी थेट संबंध असेल तर तो वजा होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने एका राइस मिल काँट्रॅक्टर कंपनीच्या प्रकरणात सांगितलं. तरीही आयकर विभागाने हरकत घेतली तर अपिलापर्यंत जायची तयारी हवी. या वाटेवर खात्री नसते, भक्कम बाजू असते.

तुमच्या तीन कामांना हीच कसोटी लावू. तलावाचा संबंध सगळ्यांत घट्ट: बोअर त्याच पाणलोटात असेल तर तलाव पाझरला की टँकरचा खर्च उतरतो, शिवाय साठ कामगार त्याच गावचे. शाळेचा मध्यम, कामगारांची मुलं तिथे शिकत असतील तर. तशी यादी मुख्याध्यापकांच्या सहीने घ्या, नुसतं म्हणून भागत नाही. झाडांचा सगळ्यांत सैल. गावच्या माळावरची झाडं कंपनीच्या धंद्याला कशी उपयोगी, याचं पटेल असं उत्तर आम्हालाही सुचत नाही. म्हणून आमचा सल्ला असा: तलाव आणि शाळा मिळून १० लाख कंपनीने धंद्याचा खर्च म्हणून करावेत, झाडांचे २ लाख फर्मने ८०जी असलेल्या संस्थेला देणगी म्हणून द्यावेत. कंपनीची बचत २,५१,६८०. फर्मचे २ लाख तिच्या ४ लाखांच्या मर्यादेत बसतात, १ लाख वजा होतो, बचत ३१,२००. एकूण २,८२,८८०. खिशातून प्रत्यक्ष जाणार ९,१७,१२०. शंभर टक्के परत देणारी योजना कुणी सांगत असेल तर तिच्यात कुठेतरी खोट आहे. पूर्वी कलम ३५एसी खाली मंजूर प्रकल्पांना पूर्ण रक्कम वजा व्हायची, पण ती सवलत १ एप्रिल २०१७ पासून बंद झाली. काही माहितीपत्रकांत ती अजून छापलेली दिसते.

कागद कोणत्या क्रमाने

पहिला पैसा सुटण्याआधी संचालक मंडळाचा ठराव हवा. वर्षअखेरीला मागची तारीख घालून केलेला ठराव लगेच कळतो. ठरावात भावनिक वाक्यं नकोत, आकडे हवेत: मागच्या दोन उन्हाळ्यांत टँकरवर किती खर्च झाला, बोअर कोणत्या महिन्यात बंद पडली, तलावापासून तिचं अंतर किती, किती कामगार त्या गावचे. टँकरची बिलं त्याच फाइलला जोडा. याच फाइलवर ३७(१) उभं राहतं.

मग तलाव कुणाच्या ताब्यात आहे ते शोधा. लहान तलाव बहुधा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतो, पण गृहीत धरू नका. त्या कार्यालयाची लेखी परवानगी आणि ग्रामपंचायतीचा ठराव दोन्ही लागतील. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत हा तलाव आधीच घेतलाय का तेही विचारा. घेतला असेल तर यंत्राचा खर्च किंवा शेतकऱ्यांच्या गाळवाहतुकीचं अनुदान सरकारकडून येत असेल, आणि त्याच कामाचं बिल तुम्हीही दिलंत तर एकाच खड्ड्याचे दोनदा पैसे जातील. अशा वेळी सरकारचा पैसा कशाला आणि तुमचा कशाला, हे कार्यादेशात स्पष्ट लिहा.

कार्यादेश कंपनीने थेट ठेकेदाराला द्यावा आणि बिल कंपनीच्या नावे घ्यावं. ग्रामपंचायतीच्या खात्यात रक्कम टाकून 'तुम्ही करून घ्या' म्हटलं की तो खर्च देणगीसारखा दिसू लागतो. ग्रामपंचायत हे स्थानिक प्राधिकरण असल्याने लोकोपयोगी कामासाठी तिला दिलेली देणगी ८०जीत बसते खरी, पण तुमच्या कंपनीला ८०जीच नाही.

पैसे देताना पाय घसरतो तो नेमका इथे. गाळाच्या कामावर रोज डिझेल लागतं, टिपरवाले संध्याकाळी रोख मागतात, पोकलेनचा ऑपरेटर भत्ता मागतो. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिलेत तर कलम ४०ए(३) खाली ती सगळी रक्कम नामंजूर होते. मालवाहतूकदाराला ही मर्यादा ३५,००० आहे. तीन आठवड्यांच्या कामात नकळत दोन-तीन लाख असे रोखीत जातात आणि वजावटीतून बाद होतात. उपाय सोपा: डिझेलसकट सगळं ठेकेदाराच्या दरात धरा आणि त्याला बँकेतूनच पैसे द्या. त्याचा टीडीएस कापायला विसरू नका. एकेरी बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली की ठेकेदार व्यक्ती असल्यास १ टक्का, फर्म वा कंपनी असल्यास २ टक्के. कापला नाही तर खर्चाचा ३० टक्के भाग नामंजूर. ठेकेदार सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसताना १५ दिवसांत पैसे द्या. उशीर करून वर्ष उलटू दिलंत, तर वजावट पैसे दिले त्या वर्षात जाते.

जीएसटीचं थोडक्यात. ठेकेदार नोंदणीकृत असेल तर तुमच्या ८ लाखांत १८ टक्के कर धरलेला हवा, म्हणजे प्रत्यक्ष काम ६,७७,९६६ रुपयांचं आणि कर १,२२,०३४. या कराचं क्रेडिट घेऊ नका, म्हणजे तो तुमच्या देय जीएसटीतून वळता करू नका. सीएसआरच्या बंधनातल्या खर्चाचं क्रेडिट १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यानेच बंद आहे. तुम्ही त्या बंधनात नाही, म्हणून काही जण घ्या म्हणतील. पण फुकट दिलेल्या वस्तू आणि स्थावर बांधकाम यांच्यावर वेगळी आडकाठी आहेच. सव्वा लाखासाठी नोटीस ओढवून घेण्यापेक्षा ती रक्कम खर्चात धरलेली बरी.

गाळ मोजायचा कसा

खर्च खरा असूनही काम पोकळ निघतं ते इथे. यंत्राच्या तासांवर पैसे ठरवले की तास भरतात, तलाव रिकामा होत नाही. दर घनमीटरवर ठरवा. काम सुरू होण्याआधी तलावाच्या तळाच्या १०-१० मीटरच्या चौकटीत लेव्हल (तळाच्या उंचीचं माप) घ्या. त्यांची सांगड सांडव्याच्या भिंतीवर रंगवलेल्या एका पक्क्या खुणेशी घाला आणि काम संपल्यावर त्याच बिंदूंवर पुन्हा लेव्हल घ्या. दोन्ही लेव्हलमधला फरक हाच बिलाचा आधार. टिपरच्या फेऱ्या फक्त पडताळणीसाठी. उकरलेला गाळ फुगतो, साधारण पाव पटीने. टिपरच्या डब्याचं माप ८.८ घनमीटर असेल तर तळातून निघालेला गाळ ७ घनमीटरच्या आसपासच असतो. हजार फेऱ्यांत हा फरक पावणेदोन हजार घनमीटरचा होतो. फेऱ्यांवर बिल दिलंत तर हवेचे पैसे द्याल. उलट पाण्याचा हिशेब सोपा आहे: १,००० घनमीटर गाळ निघाला तर १० लाख लिटर जागा झाली.

खाली कुठे थांबायचं हेही लिहून घ्या. कामाआधी तीन-चार ठिकाणी खड्डे घेऊन गाळाची जाडी पाहा. पाझर तलावात गाळाचा थर निघाला की पाणी मुरतं, ते तुम्हाला हवंच आहे. (साठवण तलावात मात्र तळाचा चिकण थर फोडला की पाणी टिकत नाही, म्हणून तिथली पद्धत इथे चालवू नका.) मुरूम लागला की थांबायचं. मुरूम आणि वाळू ही गौण खनिजं आहेत. ती परवानगीशिवाय उचलली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो, गाड्या अडकतात, आणि तो दंड खर्च म्हणून वजाही होत नाही. ठेकेदार 'जरा मुरूम रस्त्याला टाकू' म्हणेल, तेव्हा नाही म्हणा आणि ते कार्यादेशातही लिहा. बांधाच्या पायथ्यापासून किती अंतर सोडायचं ते तलाव ज्याच्या ताब्यात आहे त्या विभागाच्या अभियंत्याकडून लेखी घ्या.

गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची यादी गट क्रमांकासह आधीच करा. यादीशिवाय काम सुरू केलं की गाळ काठावर ढीग घालून ठेवतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात तो परत तलावात येतो. काम उन्हाळ्यात तळ उघडा पडल्यावरच होतं. त्यामुळे ३१ मार्चला खर्च दाखवण्याची घाई करून फेब्रुवारीत अर्धवट चिखल उपसायला जाऊ नका. एप्रिल-मे सोयीचे, आणि खर्च नव्या वर्षात पडला म्हणून काही बिघडत नाही.

शाळेबद्दल फार लिहायची गरज नाही. छताचं क्षेत्र गुणिले पाऊस गुणिले ०.८, एवढं गणित पुरे: २०० चौरस मीटर छप्पर आणि ६०० मिलिमीटर पाऊस असेल तर वर्षाला ९६,००० लिटर. एवढी टाकी लागत नाही, कारण पाऊस एकदम पडत नाही आणि मधे वापरही होतो. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडणारा पाइप आणि सहज उघडणारी जाळी हे दोन भाग लोक वगळतात. मग दुसऱ्या वर्षी टाकीत पाला कुजतो आणि शाळा जोडणीच काढून टाकते. काम झालं की मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत यांच्याकडून हस्तांतरणाचं पत्र घ्या. टाकी कंपनीच्या मालकीची नाही हे त्या पत्रातून दिसतं, त्यामुळे हा खर्च महसुली, म्हणजे त्याच वर्षी वजा होणारा, म्हणून मांडता येतो. कंपनीच्या मालमत्तेत ती दाखवू नका.

झाडांची देणगी आणि ती ट्रस्ट

फर्मने देणगी द्यायची ती बँकेतून. २,००० रुपयांवर रोख असेल तर ८०जी मिळत नाही. रोपं, पाइप, कुंपणाची तार विकत घेऊन संस्थेला दिलीत तर त्याच्यावरही वजावट नाही. देणगी पैशातच हवी. पावती फर्मच्या नावे, फर्मच्या पॅनवर, आणि तिच्यावर संस्थेचा ८०जी मंजुरीचा क्रमांक. त्या मंजुरीची मुदत संपलेली नाही ना, हे देणगीच्या तारखेला पाहा. संस्थेने वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणग्यांची माहिती देणारा फॉर्म १०बीडी भरला तरच तुम्हाला १०बीई प्रमाणपत्र मिळतं, आणि वजावट त्या प्रमाणपत्रावर मिळते, नुसत्या पावतीवर नाही. जूनमध्ये आठवण करा. फर्मच्या पुस्तकात देणगी नफा-तोटा पत्रकात खर्ची टाकली असेल तर उत्पन्न काढताना ती आधी नफ्यात परत जोडायची आणि मग ८०जी वजा करायची. हे विसरल्याने एकच रक्कम दोनदा वजा झालेली विवरणपत्रं निघतात.

२ लाख एकरकमी देऊ नका. आमचा अनुभव सांगतो की लागवडीला पैसे भरपूर मिळतात, दुसऱ्या उन्हाळ्याच्या पाण्याला कुणी देत नाही. पहिल्या वर्षी ८०,०००, पुढच्या दोन वर्षी साठ-साठ हजार, आणि प्रत्येक हप्ता मे अखेरीस जिवंत झाडं मोजून. संस्था या अटीला तयार नसेल तर दुसरी शोधा. कुणी याच झाडांवर कार्बन क्रेडिट विकून पैसे मिळवून देतो म्हणत असेल तर त्याला विचारा, नोंदणी आणि पडताळणीचा खर्च कोण देणार. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. काही शे रोपांच्या माळावर तो खर्चही निघत नाही.

आणि पैसे परत फिरवून देणारी ट्रस्ट. तिच्याकडे जाऊ नका, त्यांच्याशी या विषयावर मेसेजवरही बोलू नका. अशा संस्थेवर कारवाई झाली की देणगीदारांची पूर्ण यादीच आयकर विभागाच्या हाती लागते. खोटी वजावट म्हणजे उत्पन्नाची चुकीची माहिती देणं. कर, त्यावर व्याज आणि चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड, शिवाय खटल्याची शक्यता.

पाटीचं. कंपनी स्वतः करत असलेल्या कामावर, म्हणजे तलावाच्या आणि शाळेच्या जागी, नावाची पाटी लावा, हरकत नाही. उलट धंद्याशी संबंध दाखवायला ती मदतच करते. सीएसआरच्या बंधनात असलेल्या कंपन्यांचं गणित वेगळं आहे, तिथे स्वतःच्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर धरलंच जात नाही. फर्मने देणगी दिलेल्या झाडांजवळ मात्र 'अमुक फर्मच्या सौजन्याने' एवढंच असू द्या. जीएसटीच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार देणगीदाराचं नुसतं आभाराचं नाव लावणं ही सेवा ठरत नाही, पण त्याच पाटीवर फर्मचा फोन नंबर आणि मालाची यादी आली की ती जाहिरात होते आणि संस्थेवर जीएसटीचा प्रश्न येतो.